सूचना : वाफेच्या जुन्या हीटिंगमध्ये बदल करण्यापूर्वी

एकनळी हीटिंग (वाफ जाते आणि पाणी परतते ते एकाच नळीतून) असलेल्या सभासदांनी नवा बॉयलर घेताना जुन्याच्या पाटीवरचा क्षमतेचा आकडा उतरवू नये. घरातल्या रेडिएटरची मापे घेऊन त्यांचा ईडीआर, म्हणजे चौरस फुटांत सांगितलेली उष्णता देण्याची क्षमता, काढा; प्रत्येक चौरस फूट ईडीआरमागे ताशी २४० बीटीयू (उष्णतेचे एकक) धरा.

त्याआधी मुख्य नळीच्या टोकाचा एअर व्हेंट (हवा बाहेर सोडणारी झडप) तपासा. तो अडकला की हवा कोंडते, वाफ पुढे सरकत नाही आणि लांबच्या खोल्या गारच राहतात. अशा वेळी दाब वाढवतात, तो उपाय नव्हे. दाब २ पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) आतच ठेवा.

नळ्यांत ठोके ऐकू येतात? रेडिएटरवर लेव्हल (उतार दाखवणारी पट्टी) ठेवून बघा; पाणी परत वाहून जाण्यासाठी उतार व्हॉल्व्हकडेच हवा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद. अर्धवट ठेवल्यास पाणी आत साचून रेडिएटरच्या व्हेंटमधून उडते.

नळ्यांवरचे जुने पांढरे आवरण ॲस्बेस्टॉसचे असू शकते. तपासणीशिवाय खरवडू नका.