पाण्याखालचे बंधारे छापता, तसे पाण्याबाहेरचेही छापा

महोदय,

पावसाळ्यात आपल्या अंकात रोज एक चौकट असते, ‘पाण्याखालील बंधारे’. पंचगंगेवरचे राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. भोगावतीवरचे हळदी, राशिवडे, सरकारी कोगे, खडक कोगे. तुळशीवरचा बीड. कासारीवरचे यवलूज, पुनाळ-तिरपण, ठाणे-आळवे. आमच्या घरात ही यादी आरतीसारखी पाठ आहे. शेजारी राजाराम बंधाऱ्याची पातळी असते. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे कोल्हापुरात रिक्षावाल्यापासून शाळकरी पोरापर्यंत कुणालाही झोपेतून उठवून विचारावे.

तक्रार वेगळी आहे. पाऊस ओसरला की ही यादी रोज थोडी थोडी आखडत जाते आणि एक दिवस चौकटच गायब होते. तिच्या जागी गणपतीची बातमी नाहीतर साखर कारखान्याची जाहिरात येते. बंधारा पाण्याबाहेर आला म्हणजे तो ओलांडता येतो असे वाचकाने समजून घ्यायचे. तसे ते नसते. पाणी उतरल्यावर स्लॅबवर गाळ बसलेला असतो, काठावर वाहून आलेली झाडे अडकलेली असतात, कुठे जोडरस्ताच खचलेला असतो. हे कळायला तिथवर जावेच लागते.

हे मला का खुपते, तर आम्ही सायकलवाले. चौघेजण, सगळे साठीच्या आसपास. दिवाळी झाली की दर रविवारी पहाटे रंकाळ्यावर जमतो आणि नदीकाठच्या गावांतून दिवसभर हिंडून येतो. स्पर्धा नाही, घड्याळ नाही. ताशी बारा किलोमीटर झाले तरी आमच्यातला एकजण ‘एवढी घाई कसली’ म्हणून कुरकुरतो. तरुण मंडळी रंगीत कपडे घालून पन्हाळ्याची चढण मारतात, त्यांचे कौतुकच आहे. पण आमच्या गुडघ्यांचे मत वेगळे पडते. कोल्हापूर रांगड्या खेळांचे गाव, त्यामुळे सायकल म्हटले की इथे लगेच कोण पहिला आला हे विचारतात. ‘कुठे कुठे थांबलात’ हे कुणी विचारत नाही, आणि आमची खरी कमाई तीच.

आमचा नकाशा बंधाऱ्यांचा आहे. मोठ्या रस्त्यावर डंपर आणि उसाच्या डबल ट्रॉल्या. त्यांच्या मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. या विषयावर आपण पुष्कळ लिहिले आहे, मी भर घालत नाही. म्हणून आम्ही शक्य तिथे हमरस्ता सोडतो. फुलेवाडी, बालिंगे, पाडळी, कोगे, महे, बीड असे आतून जातो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चारही नद्यांच्या काठाने असे रस्ते आहेत, आणि एका काठाचा कंटाळा आला की पलीकडे न्यायला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. देशभर याच नावाने ओळखली जाणारी ही वस्तू आम्ही कोल्हापूरकर मात्र जाता-येता बघतसुद्धा नाही.

सायकलवरून बघावा. दगडी किंवा काँक्रीटचे खांब, खांबांना खाचा आणि त्या खाचांत बसवायचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या. पूर्वी लाकडी, आता बहुतेक लोखंडी. पावसाळ्याआधी बरगे काढायचे म्हणजे पूर मोकळा वाहतो, पाऊस संपला की पुन्हा घालायचे म्हणजे पाणी अडते. वरचा स्लॅब अरुंद, चारचाकीवाला बिचकतो. सायकल मात्र ऐटीत जाते. हिवाळ्यात मधोमध उभे राहिले की एका हाताला तुडुंब पाणी, त्यावर धुके आणि पाणी उपसणाऱ्या मोटारींचे पाइप. दुसऱ्या हाताला उघडा पडलेला खडक, त्यावर धुणे आपटणाऱ्या बायका आणि त्यांच्यापासून चार हातांवर ध्यानस्थ बगळा. एकाच नदीची ही दोन रूपे बघायला पूल उपयोगाचा नाही, पुलावर थांबले की मागून हॉर्न वाजतो.

मार्च-एप्रिलमध्येही इथे पात्रात पाणी दिसते त्याचे कारण वर आहे. राधानगरीचे धरण शाहू महाराजांनी हाती घेतले, ते पुरे झाले त्यांच्या पश्चात. त्याचे पाणी भोगावतीत सुटते आणि खाली एकामागून एक बंधारे ते जिन्याच्या पायऱ्यांसारखे अडवून धरतात. आमच्या रविवारच्या सावलीलासुद्धा महाराजांचा हात लागलेला आहे असे मी सोबत्यांना सांगतो. ते म्हणतात, आधी पंप दे, चाक बसलंय.

थांबे ठरलेले नाहीत, पण सवयीचे आहेत. प्रयाग चिखलीच्या संगमावर डबा उघडायचा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना घरेदारे सोडून बाहेर पडावे लागले. आता तिथे डिसेंबरात पायरीवर बसून पाण्यात पाय सोडले की हीच ती नदी यावर विश्वास बसत नाही. कसबा बीडला देवळाजवळचे वीरगळ बघायचे. तिथल्या शेतात पावसाने माती धुपली की जुनी सोन्याची नाणी सापडतात. आम्हाला इतक्या वर्षांत बाभळीचे काटे तेवढे सापडले, तेही टायरमध्ये. आणि वाटेत गुऱ्हाळ धुमसत असेल तर उतरायचेच. काहिलीत रस उकळतोय, जाळ घालणारा जाळ्या चुलवाणात चिपाडे सारतोय, गूळ करणारा गुळव्या काहिलीकडे डोळे लावून उभा. अशा वेळी त्याच्याशी बोलू नये, आधण बिघडले तर शिव्या आपल्याला. वाफ्यात गूळ ओतला गेला की मग तोच हाक मारून गरम गूळ हातावर ठेवतो. अशी गुऱ्हाळे आता शोधावी लागतात, पूर्वी नुसत्या वासावर सापडायची.

गेल्या नोव्हेंबरात असेच एका बंधाऱ्यावर गेलो. गावाचे आणि खात्याचे नाव लिहीत नाही, कारण कामावरच्या पोरांचा त्यात काही दोष नव्हता. बरगे स्लॅबवर आडवे रचून ठेवलेले, पलीकडच्या टोकाला जोडरस्त्याच्या जागी माणूसभर खड्डा. अलीकडे साधी पाटीसुद्धा नाही. दुधाची किटली घेऊन एक मावशी तिथेच उभ्या होत्या. म्हणाल्या, “कशाला आलायसा हिकडनं? पंधरा दिस झालं, असंच हाय. जावा माघारी.” आम्ही हसत सायकली वळवल्या, चौदा किलोमीटरचा वळसा पडला. आम्हाला काय, रविवार होता, आणखी एक चहा झाला. पण मावशींची डेअरी पलीकडच्या गावात. सकाळ-संध्याकाळ त्या कुणाच्या तरी मोटारसायकलवर किटली देतात आणि दूध वेळेत पोचले की नाही याची काळजी करत बसतात. पलीकडच्या हायस्कूलला जाणारी मुले बसची वाट बघतात, आणि ती बस दिवसातून किती वेळा येते ते विचारू नका.

मला वाटते पुराची बातमी शहराच्या अंगाने लिहिली जाते म्हणून ती पाणी उतरल्यावर संपते. शिवाजी पुलावरून वाहतूक सुरू झाली की आपल्या लेखी पूर गेला. बंधाऱ्यापलीकडच्या गावांसाठी तो बरगे बसून, खड्डे बुजून, वाट मोकळी होईपर्यंत चालूच असतो.

नदीकाठाने खास सायकल ट्रॅक करावा असे अधूनमधून कुणीतरी सुचवते. कृपा करून तो करू नका. ट्रॅक म्हटला की आधी काठावरची झाडे जातील, मग पेव्हर ब्लॉक येतील, मग उद्घाटनाची कोनशिला. जे रस्ते आहेत ते पुरेसे आहेत. स्लॅबच्या कडेला हाताला लागेल एवढा कठडा असावा आणि बंधारा बंद असेल तर दोन किलोमीटर आधीच्या फाट्यावर पाटी असावी, एवढेच संबंधित खात्याकडे मागणे आहे.

आपल्याकडे मागणे त्याहून लहान आहे. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत दर शनिवारी तीच चौकट उलटी छापा, ‘वाहतुकीस खुले बंधारे’. जागा तितकीच लागेल, नावेही तीच आहेत. खात्याकडून माहिती यायला उशीर होत असेल तर आम्ही चौघे आमच्या वाटेवरच्या बंधाऱ्यांची खबर सोमवारी सकाळी आपल्या कार्यालयात लेखी आणून देऊ. मजकूर साधारण असा असेल: “बंधारा खुला. मधल्या गाळ्यावर शेवाळ आहे, सायकल हातात धरून न्यावी.”

– एक सायकलस्वार वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर