आधी डिझेल, मग हवा, मग लोखंड

धुळे,
रविवार दुपार

ती. बाबा आणि सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही "इकी टाक ती गाडी" एवढंच म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. मला तुमच्याशीच बोलायचं होतं. पण फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि मी मोठ्यानं बोलायला लागले की भांडल्यासारखं होतं. म्हणून हे पत्र लिहायला बसले. अक्षर मोठं काढलंय. आईनं मधेच वाचून दाखवू नये, तुम्ही स्वतः वाचा, घाई नाही.

पाच महिन्यांत गाडी तीनदा बिघडली, म्हणून तुम्ही ती विकायला सांगताय. पोरगी फसली, असं तुम्हाला वाटतंय. आईला तिनं भिशीतून दिलेल्या पन्नास हजारांचं वाईट वाटत असणार. मलाही मधे तसंच वाटत होतं, आणि त्या दिवसांत मी घरी खोटं बोलले, "गाडी छान चाललीय" म्हणून. ते चुकलं. आता काय झालं होतं ते सगळं सांगते. काहीच लपवत नाही.

गाडी डिझेलची, 2021 ची, 68 हजार किलोमीटर चाललेली, नाशिकची. फेब्रुवारीत घेतली. कागद चोख आहेत. आरसी माझ्या नावावर झाली, विमाही 14 दिवसांच्या आत नावावर करायला दिला होता, तो झाला. कागदांत मी चुकले नाही. चुकले ती इंजिनात. सर्व्हिसचं पुस्तक मी मागितलं, पण उघडून बघितलं नाही. नंतर बघितलं तर शेवटच्या दोन वर्षांची पानं कोरी.

पहिला त्रास मार्चमध्ये. सकाळी सेल्फ मारत बसावं लागायचं. लागली तरी चढाला दम सोडायची, आणि मग डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा. मोठ्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी 0087 कोड आला. म्हणजे डिझेलचा दाब कमी पडतोय. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर, एक लाख दहा हजार. बाबा, मी त्या गॅरेजच्या बाकड्यावर बसले होते आणि मला आपल्या बोरीकाठच्या मळ्यातलं डिझेल इंजिन आठवलं. विहिरीवर वीज यायच्या आधीचं. ते बंद पडलं की नानाकाका म्हणायचे नवीन पंप आणा, आणि तुम्ही म्हणायचे, "आधी डिझेल, मग हवा, मग लोखंड. लोखंड लवकर मरत नाही." मग पान्यानं नळीचा नट थोडा सैल करायचा, हँडल फिरवायचं, बुडबुडे येत राहायचे, आणि बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं की नट आवळायचा. इंजिननं हवा धरलेली असायची, बाकी काही नाही. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. टॉर्च धरायचं काम माझं.

मी गाडी तिथून उचलली आणि देवपुरातल्या एका मिस्तरींकडे नेली. साधं पत्र्याचं शेड आहे. त्यांना म्हटलं, आधी डिझेल बघा. त्यांनी डिझेल फिल्टरच्या खालचा स्क्रू सोडला आणि काचेची बाटली धरली. भरली की उन्हात उभी करून ठेवली. दोन मिनिटांत वर पिवळसर डिझेल आणि खाली बोटभर पाणी, स्वच्छ रेघ ओढल्यासारखं वेगळं. पाण्यात काळे कण फिरत होते. हा फिल्टर पाणी अडवण्यासाठीच असतो, पण ते पाणी मधून मधून काढावं लागतं आणि फिल्टर वेळेवर बदलावा लागतो. आधीच्या मालकानं दोन्ही केलं नव्हतं. आजकालच्या या इंजिनांत दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो, आणि पंपाला वंगण म्हणून वेगळं काही नसतं, डिझेलच त्याचं वंगण. पाणी आत गेलं तर पंप खरोखरच खरवडला जातो. आमचं नशीब, फिल्टर पुरता तुंबला होता पण पाणी पुढे गेलं नव्हतं. मिस्तरींनी दाब मोजून खात्री केली. फिल्टर आणि मजुरी मिळून 2,150 रुपये. ती बाटली मी मागून घेतली. तुम्हाला दाखवायला ठेवली आहे.

आता दुसरं. एप्रिलमध्ये हायवेला ट्रकला ओव्हरटेक करताना एकदम ताकद गेली, दिवा लागला. गाडी बाजूला घेऊन बंद-चालू केली तर ठीक. मिस्तरी गावाला गेले होते म्हणून जवळच्या दुसऱ्या गॅरेजला नेली. त्यांनी स्कॅनरवरून कोड खोडला, 700 रुपये घेतले आणि "आता काही नाही" म्हणाले. मे महिन्यात मी आणि बँकेतली मैत्रीण संभाजीनगरला निघालो होतो. चाळीसगाव सोडलं, कन्नडचा घाट लागला आणि अर्ध्या चढात गाडीनं जीव सोडला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी दुसऱ्या गिअरवर बैलगाडीसारखी. मागे गाड्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न. माझे हात थरथरत होते. कशीबशी वर काढली. इंजिन स्वतःला वाचवायला असं करतं, संगणक ताकद कापून टाकतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं आता पेट घेईल. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं.

परत तेच गॅरेज, परत कोड खोडला, परत 700. आणि म्हणाले पुढच्या वेळी टर्बो, म्हणजे इंजिनात दाबानं हवा भरणारा पंखा, बदलावा लागेल, 85 हजार. बाबा, कोड खोडणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. तापाची गोळी देऊन ताप उतरवला, ताप कशानं आला ते बघितलंच नाही. कोड होता पी 0299, म्हणजे टर्बोची हवा कमी पडतेय. कोडनं फक्त हवा कमी आहे एवढं सांगितलं, टर्बो मेला असं नव्हतं सांगितलं.

मिस्तरी आले तेव्हा मी म्हटलं, डिझेल झालं, आता हवा बघा. त्यांनी हवेच्या नळ्यांमध्ये धूर सोडला. आधी कुठूनच धूर निघेना. मग थोडा दाब वाढवला आणि इंजिनाच्या खालच्या बाजूनं, टर्बोकडून येणाऱ्या जाड रबरी पाईपातून, क्लॅम्पला लागूनच पांढरी धार आली. पाईप काढून त्यांनी माझ्या हातात दिला. वरून बघितलं तर धड. दोन्ही अंगठ्यांनी वाकवला तर ओठ उघडावा तशी तीन बोटांची चीर उघडली, सोडला की पुन्हा मिटली. उभ्या गाडीत मिटलेली, घाटात दाब आला की उघडी. म्हणून कुणाला सापडत नव्हती. नवा पाईप, धूर सोडून तपासणी, मजुरी, सगळं 5,400.

मला वाटलं सुटले. आणि जूनच्या शेवटी पुन्हा दिवा लागला, या वेळी वेगळा. त्या रात्रीच मी रडून आईला फोन केला, आणि परवा तुम्ही विकून टाक म्हणालात.

इथे मला तुमची माफी मागायची आहे, बाबा. आखाजीच्या सणाला मी घरी आले होते. झोका बांधून झाल्यावर तुम्ही गाडीचं बॉनेट उघडायला लावलंत. ऑइलची काडी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली आणि म्हणालात, "ऑइल खुणेच्या वर आहे." मी म्हटलं, मिस्तरींनी जास्त टाकलं असेल. तुम्ही ते दोन बोटांत चोळलं, नाकाशी नेलं आणि म्हणालात, "याला डिझेलचा वास येतो." मी हसले. म्हटलं, बाबा, ही नवी इंजिनं आहेत, तुमच्या मळ्यातलं नाही. तुम्ही काही बोलला नाहीत, चिंधीला हात पुसला आणि आत गेलात.

तुमचं बरोबर होतं. अगदी बरोबर.

हे आईसाठी नीट सांगते. आई, कंदिलाची वात जास्त वर केली की काच काळी होते, ती काजळी. डिझेल इंजिनातही काजळी होते. 1 एप्रिल 2020 पासून गाड्यांच्या प्रदूषणाचा बीएस 6 हा नियम आला, तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेत एक डबा असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी. ती काजळी अडवते, बाहेर जाऊ देत नाही. तू कंदिलाची काच रोज राखेनं घासायचीस, हा डबा स्वतःला जाळून साफ करतो. त्यासाठी आत साधारण 600 अंश उष्णता लागते. गाडी एका चालीत पंधरा-वीस मिनिटं हायवेला पळाली तर ते होतं. माझं घर ते बँक तीन किलोमीटर, त्यात दोन सिग्नल. इंजिन पुरतं तापायच्या आत मी ते बंद करत होते, रोज दोनदा.

आणि डबा साफ करायला इंजिन थोडं जास्तीचं डिझेल सोडतं. मधेच गाडी बंद केली की जाळणं अर्धवट राहतं आणि न जळालेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खालच्या ऑइलमध्ये उतरतं. असं पुन्हा पुन्हा झालं की ऑइल वाढतं, पातळ होतं. पातळ ऑइलवर इंजिन चालवणं म्हणजे बेअरिंगं झिजवणं. तुम्ही बोटांत चोळून जे ओळखलंत ते हेच होतं.

शिवाय फाटलेल्या पाईपामुळे हवा कमी, म्हणून डिझेल नीट जळेना, म्हणून काजळी दुप्पट. मागून काळा धूर दिसला असता तर कुणीही ओळखलं असतं, पण तो धूर डबाच गिळत होता. दुसऱ्या बिघाडानं तिसऱ्याला जन्म दिला. मला वाटत होतं एकच दुखणं परत परत येतंय. तसं नव्हतं. तीन दुखणी, आणि त्यातली दोन एकमेकांची नातलग.

मिस्तरींनी स्कॅनर लावून उभ्या गाडीत डबा जाळून घेतला. शेडच्या बाहेर मोकळ्या जागेत, पाण्याची बादली जवळ ठेवून. अर्धा तास मागून भट्टीसारखी झळ येत होती. मग ऑइल आणि त्याचा फिल्टर बदलला. या गाड्यांना कमी राखेचं ऑइलच लागतं, साधं टाकलं तर त्याची राख त्याच जाळीत बसते आणि ती जळून जात नाही. याचे 9,300. सगळं मिळून, कोड खोडायचे 1,400 धरून, 18,250 रुपये. सांगितले होते ते एक लाख पंचाण्णव हजार. आई, तुझे पन्नास हजार बुडालेले नाहीत.

एकानं मला सांगितलं, डबाच काढून टाका, आत साधा पाईप बसवून देतो, कटकट मिटेल. मी नाही म्हटलं. ते बेकायदा आहेच, पण मला आईचा चुलीपुढचा खोकला आठवला. आमच्या गल्लीत शाळा आहे. ती काजळी त्या पोरांच्या छातीत घालून मला गाडी चालवायची नाही.

मामांचा धाकटा जुनी डिझेल गाडी बघतोय असं आई म्हणाली. त्याला माझ्या वतीनं सांगा: सकाळी इंजिन गार असताना जाऊन स्वतः सेल्फ मार, दुपारी गरम करून ठेवलेली बघू नकोस. पैसे द्यायच्या आधी स्कॅनर लावून घे. कोड कोरे निघाले तरी नुकतेच खोडलेत का ते विचार. लांब चढावर चालवून बघ, आणि ऑइलची काडी काढून वास घे. रोजचं जाणं-येणं चार-पाच किलोमीटरचंच असेल तर सरळ पेट्रोल घे. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मीही पेट्रोलच घेतली असती. पण आता ही घेतली आहे, आणि आता मला ती कळते.

मी ही गाडी कशासाठी घेतली ते तुम्हाला माहीत आहे. गेल्या वर्षी डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तुम्ही डोळ्याला पट्टी बांधून धुळ्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघत सव्वा तास उभे होतात, आईच्या गुडघ्याला बसायला जागा नव्हती. ते मला विसरता येत नाही. म्हणून विकत नाही.

बँकेत आता मी सायकलनं जाते. गाडी रविवारी काढते. इथून पारोळ्यापर्यंत हायवेला एका चालीत, मग अमळनेरकडे वळून घरी. डब्याला लागते तेवढी धाव त्यात होते, आणि दर रविवारी मी तुमच्याकडे जेवायला असेन. आई, भरीत आणि कळण्याची भाकरी, दुसरं काही करत बसू नकोस. श्रावणात कानबाईच्या सणाला शनिवारीच येते, रोटाचं दळण मी इथून आणत नाही, आपल्या जात्यावरचंच असू दे.

बाबा, एक काम करा. मी येते तेव्हा गाडी कडब्याच्या गंजीजवळ लावायची नाही, खालचा पाईप तापलेला असतो. निंबाखालची जागा मोकळी करून ठेवा, तिथलं वाळलेलं गवतही काढा. जमीन तिथे सपाट आहे. इंजिन थंड झालं की काडी तुम्ही काढा, मी चिंधी घेऊन उभी राहते.

तुमची लेक