विचित्र कायदे जरूर छापा, पण साल आणि कलम सांगून

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘जगातील अजब कायदे’ या मथळ्याखाली आलेली चौकट वाचून हा पत्रप्रपंच करीत आहे. अशा चौकटी अधूनमधून सगळ्याच दैनिकांत येतात, मजकूर बहुधा तोच असतो आणि दुपारपर्यंत तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. करमणुकीला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु नोकरीची बरीच वर्षे न्यायालयाच्या ग्रंथालयात, कायद्याच्या पुस्तकांत दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवण्यात गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्यात दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे त्यातले बरेचसे कायदे अस्तित्वातच नसतात. दुसरी अधिक गंभीर आहे. जे कायदे खरोखरच कालबाह्य असूनही पुस्तकात राहिले, त्यांनी माणसांचे काय केले, याचा त्या चौकटीत मागमूसही नसतो.

आधी अस्तित्वात नसलेल्या कायद्यांविषयी. ‘ब्रिटनच्या संसदेत मरण पावणे हा गुन्हा आहे’ हे वाक्य या प्रकारच्या प्रत्येक यादीत हटकून असते. इंग्लंड आणि वेल्सच्या विधी आयोगाने २०१३ च्या सुमारास अशा दंतकथांची छाननी करून स्पष्टपणे सांगितले आहे की, असा कोणताही कायदा त्यांना सापडलेला नाही. १८१२ मध्ये पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांना कॉमन्स सभागृहाच्या लॉबीतच गोळी घातली गेली आणि तिथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्यावर मरणोत्तर खटला भरल्याचे कोणी ऐकलेले नाही. गंमत अशी की, त्याच संसदेत चिलखत घालून येण्यास मनाई करणारा दुसऱ्या एडवर्ड राजाच्या काळातला १३१३ चा कायदा मात्र खरा आहे आणि तो आजही रद्द झालेला नाही. आपल्या चौकटीत नेमका तोच नव्हता.

‘स्वित्झर्लंडमध्ये रात्री दहानंतर शौचालयात पाणी सोडणे बेकायदा’ हे विधानही असेच. तिथे असा देशव्यापी कायदा नाही. भाड्याच्या इमारतींत रात्री शांतता राखण्याचे नियम असतात आणि काही घरमालक त्यात नळाच्या आणि फ्लशच्या आवाजाचाही समावेश करतात. आपल्याकडच्या एखाद्या सोसायटीने रात्री दहानंतर मिक्सर लावू नये अशी पाटी लावली, तर तिला भारताचा कायदा म्हणण्यासारखे हे आहे. सिंगापूरचे च्युइंगमचे प्रकरण अर्धे खरे आहे. १९९२ पासून तिथे च्युइंगमची आयात आणि विक्री बंद आहे, पण चघळणे हा गुन्हा नाही. त्यामागचे कारणही लहरी नव्हते. नव्याने सुरू झालेल्या मेट्रोच्या दारांच्या सेन्सरवर लोक चघळलेले गम चिकटवत आणि त्यामुळे गाड्या अडकत. पुढे अमेरिकेशी मुक्त व्यापाराचा करार झाला आणि २००४ पासून औषधी उपयोगाचे गम फार्मासिस्टमार्फत देण्याची मुभा मिळाली.

काही कायदे विचित्र दिसतात ते केवळ अर्धे वाचल्यामुळे. ब्रिटनच्या १९८६ च्या सामन कायद्याच्या ३२ व्या कलमात ‘संशयास्पद परिस्थितीत सामन मासा हाताळणे’ असा गुन्हा आहे आणि त्यावर जगभर विनोद झाले आहेत. वास्तविक, मासा चोरून पकडलेला आहे असा संशय येण्यास जागा असूनही तो घेणाऱ्याला पकडण्यासाठी ते कलम आहे. चोरीचा माल घेणारा आपल्याकडेही सुटत नाही. तसाच आपल्याकडचा १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे गुप्तधनाचा कायदा. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, असे म्हणून आपल्या चौकटीत त्याची थट्टा केली आहे. दहा रुपयांचा आकडा आज हास्यास्पद आहे हे मान्य. पण नांगरताना सापडलेला नाण्यांचा हंडा परस्पर सराफाकडे जाऊन वितळू नये यासाठी याच कायद्याचा आधार घेतला जातो. मालकीचा दावा कोणी सिद्ध केला नाही, सरकारने तो निधी स्वतःकडे घेतला नाही आणि दोघांत वेगळा करार झालेला नसला, तर तीन चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याला आणि उरलेला जमीनमालकाला, अशी तरतूदही त्यात आहे. म्हणजे शेतमजुरालाही त्यात स्थान आहे. आकडा बदलावा, कायदा हसण्यावारी नेऊ नये.

आता खरोखरच्या कालबाह्य कायद्यांकडे वळतो. मे १८१७ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या अर्डिंग्टन या गावाबाहेर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात मेरी अ‍ॅशफर्ड या वीस वर्षांच्या मुलीचे प्रेत सापडले. आदल्या रात्री ती नाचाच्या कार्यक्रमाला गेली होती आणि तिथून अब्राहम थॉर्नटन या तरुणाबरोबर निघाली होती. थॉर्नटनवर खुनाचा खटला झाला, पण ऑगस्टमध्ये वॉरिकच्या ज्यूरीने काही मिनिटांतच त्याला निर्दोष ठरवले. लोक खवळले. तेव्हा इंग्लंडच्या कायद्यात एक जुनी वाट शिल्लक होती. मृताच्या जवळच्या वारसाला आरोपीविरुद्ध स्वतः खाजगी फिर्याद मांडता येत असे आणि आधीची निर्दोष मुक्तता तिच्या आड येत नसे. मेरीचा भाऊ विल्यम याने ती मांडली. त्याच्या वकिलांना जी गोष्ट पुरेशी ध्यानात आली नाही ती ही की, वाट जुनी असेल तर तिच्यावरचे काटेही जुनेच असतात.

नोव्हेंबर १८१७ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या किंग्ज बेंच न्यायालयात थॉर्नटनला उत्तर विचारले, तेव्हा त्याने आपण निर्दोष असल्याचे सांगितले, आपल्या देहाने ते सिद्ध करण्याची तयारी दाखवली आणि हातमोजा न्यायालयाच्या फरशीवर फेकला. म्हणजे त्याने द्वंद्वयुद्धाने निवाडा मागितला. या खाजगी फिर्यादीत आरोपीला तो हक्क नॉर्मन काळापासून होता, शेकडो वर्षांत कोणी वापरला नव्हता, पण कोणी काढूनही टाकला नव्हता. नियम असे होते की, सूर्योदयाला झुंज सुरू व्हायची. आरोपी हरला तर फाशी. आकाशात तारे दिसेपर्यंत तो टिकून राहिला तर सुटला. फिर्यादी स्त्री, अल्पवयीन, साठीच्या पुढचा किंवा धर्मगुरू असेल, किंवा पुरावा संशयाला जागाच उरू नये इतका भक्कम असेल, अशा काही ठरावीक कारणांनीच ही मागणी नाकारता येत असे. विल्यमच्या बाजूने या शेवटच्या मुद्द्यावर महिनोन्‌महिने युक्तिवाद झाले. परंतु एप्रिल १८१८ मध्ये मुख्य न्यायमूर्ती लॉर्ड एलेनबरो यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्णय दिला की, पुरावा तितका निर्णायक नाही, आणि कायदा आम्हाला जसा हवा तसा नव्हे तर जसा आहे तसाच सांगणे आम्हाला भाग आहे. विल्यम अंगाने किरकोळ होता आणि समोरचा धिप्पाड. त्याने लढण्यास नकार दिला, थॉर्नटन सुटला आणि पुढे अमेरिकेला निघून गेला. पुढच्याच वर्षी, १८१९ मध्ये, संसदेने ही खाजगी फिर्याद आणि द्वंद्वाचा निवाडा दोन्ही एकाच कायद्याने मोडीत काढले.

थॉर्नटन खुनी होता की नव्हता, हे आज कोणी सांगू शकत नाही आणि माझा तो मुद्दाही नाही. वापरात नाही म्हणून कायदा मरतो, ही आपली सर्वसाधारण समजूत इथे चुकीची ठरते. निदान इंग्लंडमध्ये आणि त्यांच्याकडून कायद्याची घडण उचललेल्या आपल्या देशात, कायदा मारावा लागतो. त्यासाठी कोणीतरी विधेयक मांडावे लागते किंवा न्यायालयाला तो रद्द करावा लागतो.

कायदा न वापरताही माणसाला कसा जाचतो, याचे उदाहरण पॅरिसचे आहे. पोलीस प्रमुखाने नोव्हेंबर १८०० मध्ये आदेश काढला की, पुरुषी वेश करू इच्छिणाऱ्या स्त्रीने पोलीस प्रमुखाच्या कार्यालयातून परवाना घ्यावा आणि तोही आरोग्य अधिकाऱ्याच्या दाखल्यावर. घोड्यांची आणि गुरांची चित्रे काढणाऱ्या रोझा बॉनर या त्या काळच्या नामवंत चित्रकर्तीला घोडेबाजारात आणि कत्तलखान्यात हिंडावे लागे, तिथे घोळदार झगा अडचणीचा होई. तिचा १८५७ सालचा परवाना उपलब्ध आहे. मुदत सहा महिने, कारण प्रकृतीचे, आणि त्या वेशात नाटकांना, नृत्यांना व सार्वजनिक समारंभांना जाण्याची मनाई. १८९२ आणि १९०९ मध्ये सवलती मिळाल्या त्या अशा की, स्त्रीच्या हातात सायकलचे हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तर पँट चालेल. एकविसाव्या शतकात लोकप्रतिनिधींनी हा आदेश औपचारिकपणे रद्द करण्याची मागणी केली, तेव्हा पोलीस प्रमुखांच्या कार्यालयाचे म्हणणे पडले की, कायद्याचे पुरातत्त्व उकरण्यापेक्षा महत्त्वाची कामे आहेत. शेवटी जानेवारी २०१३ मध्ये मंत्री नजात वालो-बेल्कासेम यांनी लेखी उत्तरात स्पष्ट केले की, स्त्रीपुरुष समानतेच्या घटनात्मक तत्त्वापुढे तो आपोआपच निष्प्रभ झाला आहे.

जर्मनीचे उदाहरण तर अगदी अलीकडचे. परदेशी राष्ट्रप्रमुखाचा अपमान करणाऱ्याला शिक्षा देणारे १०३ वे कलम त्यांच्या दंडसंहितेत कैसरच्या काळापासून होते. १९६० च्या दशकात इराणच्या शहाच्या तक्रारींमुळे ते गाजले आणि मग विस्मरणात गेले. मार्च २०१६ मध्ये यान ब्योमरमान या विनोदी कलाकाराने दूरचित्रवाणीवर तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांच्यावर एक शिवराळ कविता वाचली आणि तुर्कस्तानने हेच कलम पुढे केले. खटल्याला सरकारची परवानगी लागत असल्याने चान्सलर मर्केल यांना एप्रिलमध्ये एकाच वेळी दोन गोष्टी जाहीर कराव्या लागल्या, की तपासाला परवानगी आहे आणि हे कलम काढून टाकले जाईल. काही महिन्यांनी सरकारी वकिलांनी प्रकरण बंद केले आणि १ जानेवारी २०१८ पासून कलम गेले.

हे सारे परदेशातले म्हणून आपण निश्चिंत राहावे अशी परिस्थिती नाही. केंद्र सरकारने २०१४ पासून पंधराशेहून अधिक जुने कायदे रद्द केले, ते चांगलेच झाले. परंतु त्यांतले पुष्कळसे मूळ कायद्यात भर घालून काम संपलेले दुरुस्ती कायदे होते. जे खरे अवघड आहेत ते रेंगाळतात. तार सेवा १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली, पण फोनवरचे संभाषण ऐकण्याचा अधिकार त्यानंतरही कित्येक वर्षे १८८५ च्या तार कायद्यातूनच येत होता. पालघरची घटना तर महाराष्ट्र विसरलेला नसेल. नोव्हेंबर २०१२ मध्ये बंदविषयी फेसबुकवर लिहिलेल्या मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली, त्यातून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ अ कलमाला आव्हान दिले गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. तरीही देशभरात पोलीस त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले. २०२१ मध्ये न्यायालयाने यावर तीव्र आश्चर्य व्यक्त केले, तेव्हा महान्यायवादींनी कारण सांगितले की, छापील पुस्तकात कलम पूर्ण दिसते आणि ते रद्द झाल्याची नोंद फक्त तळटीपेत असते. चिठ्ठ्या चिकटवण्याच्या ज्या कामाला आमच्या कचेरीत कोणी फारशी किंमत देत नसे, त्याची आठवण मला तेव्हा प्रकर्षाने झाली. त्या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असा आदेश न्यायालयाला २०२२ मध्ये पुन्हा काढावा लागला.

आणि आपल्या राज्यातला दारूचा परवाना? १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचे नाव आता ‘महाराष्ट्र’ झाले आहे, परंतु विदेशी मद्य पिणाऱ्या प्रत्येकाने परवाना बाळगावा ही अट तशीच आहे, आणि त्या परवान्याचा कायदेशीर आधार म्हणजे आरोग्याचे रक्षण! दुकानदार एक दिवसाच्या परवान्यांची पुस्तके ठेवतात, गिऱ्हाईक ते मागत नाही, दुकानदार देत नाही आणि सरकार शुल्क मात्र सोडत नाही. परवाना न घेता पिणारे किती असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा. ज्या दिवशी एखाद्या अधिकाऱ्याला किंवा शेजाऱ्याला कोणावर दात धरायचा असेल, त्या दिवशी हे कलम पूर्ण ताकदीने जागे होईल. दारूबंदी असावी की नसावी हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. परंतु बंदी नाही आणि मोकळीकही नाही, अशा अवस्थेत कायदा पाऊणशे वर्षे लटकत ठेवणे मला पटत नाही. आपल्या चौकटीत या कायद्याचा उल्लेख नव्हता, याचे आश्चर्य वाटले.

तेव्हा माझी विनंती एवढीच की, यापुढे अशी चौकट छापताना प्रत्येक कायद्यापुढे त्याचे साल, कलमाचा क्रमांक आणि तो आज अंमलात आहे की नाही हे द्यावे. ज्याचे कलम सापडत नाही तो वगळावा. ब्रिटनची संसद आणि स्वित्झर्लंडचे शौचालय या दोन नोंदींबाबत येत्या रविवारच्या अंकात खुलासा प्रसिद्ध केल्यास बरे होईल, कारण आमच्या वाचनालयातली दोन शाळकरी मुले ती चौकट कापून प्रकल्पाच्या वहीत चिकटवताना मी पाहिली आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा