वाड्याच्या भिंतींना चुनाच हवा

महोदय,

दांडिया बाजारातला एक जुना वाडा दुरुस्त करून तिथेच तालमी आणि छोटे प्रयोग करायचे आमच्या भागातल्या हौशी नाट्यमंडळींनी मनावर घेतले आहे. त्यांचे मनापासून अभिनंदन! बडोद्यात मराठी नाटक जगवायचे तर तालमीला हक्काची जागा हवीच. कुणाच्या तरी दिवाणखान्यात, शेजाऱ्यांची झोप सांभाळत किती दिवस काढणार?

एक कळकळीची विनंती मात्र आहे. परवा चौकात डोकावलो, तर जोत्याजवळच्या पोपडे आलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढत होता. तो कृपया थांबवावा. भिंती विटा-चुन्याच्या आहेत. जमिनीतून चढलेली ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंटखाली ती कोंडते आणि आतल्या विटांचा भुगा होतो. चुन्याचे काम सावकाश चालते, खर्चही वाढेल, पण भिंत टिकेल. सागवानी खांब-तुळया वाळवीसाठी ठोकून पाहाव्यात. आणि रंगमंचाचे दिवे लावण्याआधी वायरिंग संपूर्ण नवे करावे. इंदूरच्या राजवाड्याचे लाकूडकाम १९८४ च्या आगीत कसे गेले, ते आठवावे.

रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्याला, त्यातल्या भित्तिचित्रांना पुरातत्त्व खात्याचे संरक्षण तरी आहे. खासगी वाड्यांना कुणाचा आधार? महापालिकेने निदान एखादा जाणकार अभियंता सल्ल्याला द्यावा. बडोदेकरांनी सढळ हाताने वर्गणी द्यावी, आणि चुन्याचे काम जाणणारे जुने गवंडी कुणाच्या ओळखीत असतील तर मंडळींना लगेच कळवावे.

– एक नाट्यरसिक, बडोदे