चागोसच्या बेटवासीयांनाही विचारावे : परराष्ट्र मंत्र्यांना खुले पत्र

मा. परराष्ट्र व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली यांसी,

स. न. वि. वि.

22 मे 2025 रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात हिंदी महासागरातील चागोस बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसकडे देण्याच्या करारावर सह्या झाल्या, तेव्हा भारताने त्याचे स्वागत केले, ते योग्यच झाले. मॉरिशस स्वतंत्र होण्याच्या तीन वर्षे आधी, 1965 मध्ये, ब्रिटनने ही बेटे त्या वसाहतीपासून तोडली होती. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लागार मतात ही तोडणी बेकायदा ठरवली आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत मॉरिशसच्या बाजूने मत देणाऱ्या 116 देशांत भारत होता.

परंतु ज्यांची ती बेटे, त्या माणसांना या कराराच्या वाटाघाटींत स्थान नव्हते. चागोसमधील सर्वांत मोठ्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हावा म्हणून 1968 ते 1973 या काळात सुमारे दीड ते दोन हजार रहिवाशांना मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडण्यात आले. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणि काही प्रमाणात भारतातून मजूर म्हणून आलेल्यांचे हे वंशज पिढ्यान्‌पिढ्या नारळाच्या मळ्यांत राबत होते. 1971 मध्ये त्यांची पाळलेली कुत्री खोबरे वाळवण्याच्या शेडमध्ये कोंडून वायूने मारण्यात आली.

मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका धरणग्रस्त कुटुंबातला आहे. आमच्या गावच्या चावडीवर नोटीस लागली, ती वाचून दाखवण्यात आली आणि गाव उठले. पर्यायी जमीन पुढे मिळाली, तरी बुडालेल्या शेताचा सातबारा वडिलांनी पत्र्याच्या पेटीत अखेरपर्यंत जपला. तो हाती घेतला की ते एवढेच म्हणत, ‘आमास्नी कुणी इच्यारलंच न्हाई.’ धरणाच्या पाण्यावर आज शेकडो एकर ऊस उभा आहे, हे मी नाकारत नाही. पण न विचारल्याचे ते दुःख मी घरात पाहिले आहे, म्हणून चागोसची बातमी मला दूरची वाटत नाही.

विचारण्याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. 16 जानेवारी 1967 रोजी गोव्याच्या जनतेला महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, असा प्रश्न मतपेटीतून विचारला गेला. महाराष्ट्रात विलीनीकरणाची आस मोठी होती, तरी कौल विरुद्ध गेला आणि तो मान्य झाला.

1979 मध्ये नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील होताना, स्वयंनिर्णयाचा हक्क परकीय अंमलाखालील जनतेलाच लागू होतो, अशी भूमिका भारताने नोंदवली आहे. चागोसवासीयांची बाजू घेतल्याने तिला कुठेही बाध येत नाही, कारण त्यांना उठवणारी सत्ता परकीयच होती.

नव्या करारानुसार दिएगो गार्सिया 99 वर्षे ब्रिटनच्या ताब्यात राहील. इतर बेटांवर वस्ती करण्याची मुभा मात्र मॉरिशसला आहे. त्या वस्तीची योजना ठरवणाऱ्या मंडळावर बेटवासीयांनी स्वतः निवडलेले प्रतिनिधी असावेत आणि दिएगो गार्सियावर जन्मलेल्या वृद्धांना तेथील पूर्वजांच्या कबरींपर्यंत जाता यावे, यासाठी आपण मॉरिशस सरकारकडे मैत्रीच्या नात्याने शब्द टाकावा. त्या काळी जाणत्या वयात बोटीत चढलेली माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत, म्हणून हे बोलणे पुढच्या भेटीवर ढकलू नये, ही विनंती.

आपला,
एक धरणग्रस्त शिक्षक, कोल्हापूर