गावासाठी डिजिटल वॉकी टॉकी घेताय? जरा थांबा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमच्या दापोली तालुक्यात सध्या दोन-तीन गावांतली तरुण मंडळं वर्गणी काढून डिजिटल वॉकी टॉकी घ्यायच्या तयारीत आहेत, पावसाळ्याच्या आत हातात पाहिजेत म्हणतात, आणि मी लायसन्सवाला हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, असल्यामुळे एक दिवसाआड कोणीतरी पडवीत येऊन बसतं की काका कुठला सेट घेऊ ते सांगा. पोरांची कळकळ शंभर टक्के खरी आहे पण वर्गणीचे पैसे भलतीकडे जायला नकोत, म्हणून हे सगळ्यांसाठी लिहितोय. जागा असेल तर पूर्ण छापा ही विनंती.

आधी ही कळकळ कुठून आली ते सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ दिवेआगर श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. माझी बहीण श्रीवर्धनला दिलेली, घराला लागून सुपारीची वाडी. सकाळी अकराला तिचा फोन आला की वारा सुटलाय, आणि त्यानंतर काहीच नाही. टॉवर गेले, लाईट गेली, रस्त्यावर झाडं आडवी. चौथ्या दिवशी एक माणूस मोटारसायकलवरून चिठ्ठी घेऊन आला, रेशनकार्डाच्या झेरॉक्सच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेलं, "सगळे नीट. कौलं गेली. वाडी झोपली. काळजी करू नको." ती झेरॉक्स अजून माझ्या कपाटात आहे. पुढच्याच वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्यात गेलं तेव्हा परत तेच, माणसं माळ्यावर नि फोन बंद. त्यानंतर मी हॅमच्या परीक्षेला बसलो.

तर पहिली गोष्ट सेटची नाहीच, लायसन्सची आहे. हॅमचा सेट वापरायला एएसओसी नावाची हॅमची परीक्षा पास करून केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसीचं (वायरलेसचे परवाने देणारा विभाग) लायसन्स नि कॉलसाईन, म्हणजे रेडिओवरचं आपलं नाव, लागते, आणि परीक्षा माणसालाच पास व्हावी लागते, मंडळाला ती वर्गणीतून घेता येत नाही. वयाची १२ वर्षं झालेला मुलगाही बसू शकतो, रिस्ट्रिक्टेड या खालच्या ग्रेडला मोर्स (टिंब-रेषांची भाषा) येत नसलं तरी चालतं, अभ्यास केला तर अवघड काही नाही. आणि मिरवणुकीचा बंदोबस्त किंवा होमस्टेचं काम एवढ्यासाठीच पाहिजे असेल तर हॅमच्या वाटेला जाऊच नका, ४४६ मेगाहर्ट्झचे कमी पॉवरचे लायसन्स न लागणारे सेट मिळतात ते घ्या, कारण हॅम बँडवर धंद्याचं बोलायला परवानगीच नाही.

आता डिजिटल. लोकांना वाटतं डिजिटल म्हणजे एकच काहीतरी, तसं नाहीये. पद्धती बऱ्याच आहेत, डीएमआर वेगळं, आयकॉम कंपनीच्या सेटमधलं डी-स्टार वेगळं, येसू कंपनीचं सीफोरएफएम वेगळं, आणि हे सेट एकमेकांशी डिजिटलवर थेट बोलत नाहीत, म्हणजे हर्णैच्या मंडळाने एक घेतला नि आंजर्ल्याच्या मंडळाने दुसरा घेतला तर खाडीच्या दोन अंगांना उभं राहून हातवारे करावे लागतील. म्हणून सगळ्यात आधी शेजारच्या गावात काय आहे ते विचारा आणि तेच घ्या. माझं मत विचाराल तर डीएमआर, कारण सेट स्वस्त आहेत, बहुतेकांत जुन्या पद्धतीचा साधा अॅनालॉग एफएम पण असतो, आणि त्याच्या पद्धतीत बोलताना ट्रान्समीटर निम्माच वेळ चालू असतो त्यामुळे बॅटरी जास्त पुरते.

पण डीएमआर म्हणजे बटण दाबलं नि बोललं असं होत नाही. माझा पहिला सेट आला तेव्हा दोन दिवस नुसता हिरवा दिवा लुकलुकायचा, आवाज काही नाही. विकणाऱ्याने सांगितलं होतं की सगळं भरून दिलंय, कुठेही चालेल. नंतर कळलं की फ्रिक्वेन्सी जुळून भागत नाही, कलर कोड जुळायला पाहिजे (० ते १५ मधला एक नंबर असतो), टॉकग्रूप (कुठल्या गटाशी बोलायचं त्याचा नंबर) जुळायला पाहिजे, रिपीटर (उंचावर बसवलेलं, ऐकलेलं पुढे सोडणारं यंत्र) असेल तर टाईम स्लॉट, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवरच्या दोन पाळ्यांपैकी आपली कुठली ते पण, आणि एक जरी चुकलं तर समोरचा घसा फोडून बोलतोय नि आपण नुसता दिवा बघतोय. हे सगळं कोडप्लग नावाच्या फाईलमध्ये कॉम्प्युटरवरून भरायचं असतं. म्हणून दुकानात बघताना एकच करून बघा, केबल न लावता नुसत्या कीपॅडवरून नवीन फ्रिक्वेन्सी टाकता येते का. काही सेटना येते, काहींना येतच नाही. लाईट नसलेल्या घरात लॅपटॉप कुठून उघडणार?

आणि आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. व्हिडिओ बघून पोरांना वाटतं डीएमआर घेतला की दापोलीतून थेट पुण्याशी, जपानशी बोलता येतं. येतं, मी पण बोललोय, डीएमआरचा सात आकडी आयडी घेतला (भारताचा ४०४ ने सुरू होतो), घरात हॉटस्पॉटची, म्हणजे सेटला इंटरनेटशी जोडणारी, छोटी डबी बसवली आणि ब्रँडमायस्टर नावाच्या जगभरच्या हॅम नेटवर्कवर गेलो, मजा येते, शिकायला पण मिळतं. पण ती डबी चालते इंटरनेटवर. माझा सेट पडवीतून माजघरातल्या डबीपर्यंतच बोलतो, पुढचं सगळं नेटवरून जातं. लाईट गेली, टॉवर गेला, की हातात उरतो तो सेट नि त्याचे ५ वॅट. ज्या दिवसासाठी मंडळ वर्गणी काढतंय तो दिवस नेमका असाच असणार आहे.

म्हणून ५ वॅटमध्ये आपल्या डोंगरांत काय होतं ते आम्ही करून बघितलं. मी आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीच्या चढणीवर उभा राहिलो नि माझा मित्र, तो पण हॅम, केळशीत घराच्या मागे, मध्ये डोंगर. आधी डिजिटल. वर होतो तोपर्यंत आवाज एकदम शेजारी बसल्यासारखा, खरखर नाही काही नाही. चार वळणं खाली उतरलो तसा आवाज रोबोटसारखा तुटायला लागला, अजून एक वळण नि गप्प, तो बोलतोय हे सुद्धा कळेना. तिथेच उभं राहून दोघांनी अॅनालॉग एफएम लावलं. खरखर भरपूर, पण तिच्या आतून ऐकू आलं, "केळशी... दोन माणसं... पाणी नाही..." आम्ही ठरवलेला निरोप होता तो, तीन वेळा बोलल्यावर पूर्ण लिहून झाला. डिजिटलचं तसंच असतं, सिग्नल पुरेसा आहे तोवर स्वच्छ आणि त्याच्या खाली एकदम संपतं, एफएमने आमचा निरोप रडतखडत का होईना जरा पुढपर्यंत नेला, कान नि कागद-पेन लागतं एवढंच.

यात उंचीचा हिशोब पण बघा. पुळणीवर उभा असलेला माणूस हातातल्या सेटवरून साधारण ५ किलोमीटर गाठतो, १०० मीटर उंच सड्यावर चढला तर मोकळ्यावर ४० पर्यंत. म्हणजे दुप्पट किमतीच्या सेटपेक्षा सड्यावर बसायला तयार असलेला एक लायसन्सवाला माणूस जास्त कामाचा, तो खालच्या दोन गावांचे निरोप इकडून तिकडे करू शकतो. रिपीटर तरी वेगळं काय करतो.

उरलेले पैसे कशावर घालायचे ते सांगतो. जादा बॅटऱ्या, सेटमागे किमान एक. सेटबरोबर येणाऱ्या आखूड अँटेनाऐवजी हातभर लांबीची चांगली अँटेना, फरक लगेच कळतो. आयपी ६७ लिहिलेलं बघा, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरतो, आयपी ५४ नुसत्या शिंतोड्यांपुरतं, आणि आपला पाऊस शिंतोड्यांचा नाही. खारी हवा तर विचारूच नका, माझ्या पहिल्या सेटच्या चार्जिंगच्या पितळी टिकल्या दोन पावसाळ्यांत हिरव्या पडल्या नि बॅटरी चार्ज होते असं दिसायचं पण व्हायची नाही. दर पंधरा दिवसांनी कोरड्या फडक्याने पुसायच्या. स्क्रीन रंगीत नसली तरी काही अडत नाही, जीपीएस असेल तर बरं. एन्क्रिप्शन (दुसऱ्याला कळू नये म्हणून बोलणं गुप्त करणं) आहे म्हणून कोणी जास्त पैसे सांगितले तर देऊ नका, हॅमवर ते वापरायला बंदी आहे.

अजून एक, हर्णै बंदरातल्या पोरांसाठी खास. हे सेट बोटींच्या मरीन चॅनलवर पण जातात, १६ नंबर चॅनल म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, लावला की ऐकू येतो. ऐकू आला म्हणून तिथे बोलायचं नाही. ते चॅनल संकटातल्या बोटींसाठी आहे नि हॅमच्या लायसन्समध्ये ते बसत पण नाही. या सेटवर आपल्याला व्हीएचएफ पट्ट्यात १४४ ते १४६ आणि यूएचएफ पट्ट्यात ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ, एवढंच.

२००४ च्या त्सुनामीत हॅम भारती प्रसाद आपल्या टीमबरोबर पोर्ट ब्लेअरला होत्या, तिथून हॅम रेडिओवर माणसांचे निरोप बाहेर गेले. ती टीम आधीपासून लायसन्स घेऊन, अँटेना लावून रोज बोलत होती म्हणून ते जमलं. आमच्या मंडळांना माझं तेच सांगणं आहे की यंदा सेट दोनच घ्या आणि उरलेल्या पैशात दहा जणांची परीक्षेची फी नि पुस्तकं करा. परीक्षेचा अर्ज केंद्र सरकारच्या सरल संचार पोर्टलवर भरता येतो. मला मुंबईला जावं लागलं होतं, रात्रीची एसटी, एक दिवसाचा रोजगार बुडवून, आणि ते प्रत्येकाला परवडणार नाही. रत्नागिरीत वर्षातून एकदा जरी परीक्षा ठेवली तर दापोली, मंडणगड, गुहागरची पोरं नक्की येतील, आपल्या पेपरने हा विषय संबंधितांकडे लावून धरावा. अभ्यासाला मी दर रविवारी चारनंतर घरी असतो, आमच्या गावच्या पोरांना घर माहीत आहे, कोणीही यावं.

आपला,
एक हॅम वाचक, ता. दापोली, जि. रत्नागिरी