बाई, माझ्या गप्प लेकीला तुम्ही ओळखलंत

आदरणीय बाईंना सप्रेम नमस्कार.

तुमची बदली देवगडला झाल्याचं कळलं, म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण आमच्या वेंगुर्ल्यात, मालवणात, पार रत्नागिरीपर्यंत अशी पोरं असणारच, आणि त्यांच्या आईबापांच्या कानावर हे जायला हवं.

थोरल्याचं सगळ्यांनाच दिसत होतं. बाकावर बूड टेकायचं नाही, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर. त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं मेंदूच्या घडणीमुळेच जड जातं, हे ऐकून कुणाला नवल वाटलं नाही. धाकटीचा मात्र कुणालाच त्रास नव्हता. खिडकीशी बसायची, फळ्यावरचं अर्धं उतरवून थांबायची, छत्री तर दर पावसाळ्यात कुठेतरी राहायची. प्रगतिपुस्तकात दरवर्षी तोच शेरा: हुशार आहे, पण लक्ष देत नाही. तुम्ही शाळेत विशेष शिक्षिका म्हणून आलात आणि थोरल्यासाठी आलेल्या तुमची नजर तिच्यावर गेली.

एडीएचडीची तीन रूपं असतात, हे तुम्ही आमच्या ओटीवर बसून सांगितलंत. एकात चंचलपणा आणि उतावीळपणा वरचढ, एकात लक्ष टिकत नाही, विसरायला होतं, वस्तू हरवतात, आणि तिसऱ्यात दोन्ही. थोरल्याचं तिसरं, धाकटीचं दुसरं. दुसऱ्यात गोंगाट नसतो, म्हणून मुली वर्षानुवर्षं नजरेतून सुटतात. ही रूपं वयाबरोबर बदलतात, धावपळ ओसरली तरी आतली अस्वस्थता राहू शकते, हेही तेव्हाच कळलं. आणि निदान तुम्ही स्वतः केलं नाहीत, डॉक्टरांकडे पाठवलंत. लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली हवीत, सहा महिने तरी टिकलेली हवीत, शाळेत आणि घरी दोन्हीकडे दिसायला हवीत. या सगळ्याची डॉक्टरांनी नीट विचारपूस केली. हे बरंचसं आनुवंशिक असतं, जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा ७० टक्क्यांच्या वर निघालाय, हे ऐकल्यावर ह्यांनी स्वतःच्या शाळेचे दिवस आठवून बराच वेळ सांगितले.

माझा एक प्रश्न होता. बंदरावर होड्या लागल्या की हीच पोर माशांच्या पाट्यांपाशी तासभर हलत नाही. बांगड्यांत चुकून आलेली तारली बोट ठेवून दाखवते, सरंग्याचे पर वहीत रेघन् रेघ काढते. मग हिचं लक्ष नाही कसं म्हणायचं? तुम्ही म्हणालात, लक्ष आहेच, ते हवं तिथे वळवणं आणि हवं तेव्हा काढून घेणं जड जातं. आवडीच्या कामात मेंदूला आतून चालना मिळते, कंटाळवाण्या कामात ती मिळत नाही. मुलगी आळशी नाही, हे तुमच्या तोंडून तिनेही ऐकलं. दाराआड उभी होती ती.

हे वरदान आहे असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, त्याबद्दल तुमचे विशेष आभार. तसं बोलणारे पुष्कळ भेटतात आणि पोराला गणिताच्या तासाला काय सोसावं लागतं ते बाजूलाच राहतं. तुम्ही तिला वहीचं एक पान दिलंत, उभी रेघ मारून. डावीकडे जड जातं ते, उजवीकडे जमतं ते. डावीकडे तिने लिहिलं, ‘फळ्यावरून उतरवताना ओळ हरवते.’ उजवीकडे, ‘मासा एकदा बघितला की विसरत नाही. कोण रडवेलं झालं तर मला आधी कळतं.’ हे दुसरं तर मी आई असून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. डाव्या बाजूच्या एकेका ओळीला तुम्ही सोय शोधलीत: पुढचा बाक, एका वेळी एकच सूचना, दहा-दहा मिनिटांचा अभ्यास, दप्तराची यादी दारामागे. उजवी बाजू तिची ती वाढवतेय.

परवा नव्या वर्गशिक्षिकांना तिने स्वतः जाऊन सांगितलं, “बाई, मला एडीएचडी आहे. मला पुढे बसवा आणि एक-एक काम सांगा, मी करते.” मान खाली न घालता सांगितलं. हे बोलायचं बळ तिला तुमच्याकडून मिळालंय, म्हणून तुम्हाला कळवतेय.

गणपतीला घरी या. देवगड काही लांब नाही. थोरला आरतीला झांज घेऊन पुढे असेल आणि धाकटीला तुम्हाला ती वही दाखवायची आहे.

तुमची ऋणी,
दोघांची आई
वेंगुर्ले